ओढून बघायची सवय

परभणीच्या एसटी स्टँडवर पप्पांनी माझ्या बॅगेच्या चेनला पितळी कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं. शेजारच्या बाकावरचे लोक बघत होते. मी नजर दुसरीकडे वळवली. आमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाच्या शटरचं कुलूपही ते रोज असंच ओढून बघतात, दोनदा. शाळेच्या रिक्षातून ते दिसायचं, तेव्हाही मला असंच अवघडल्यासारखं व्हायचं.

बॅगेत त्यांनी एक टेस्टर आणि काळ्या टेपचं बंडल घातलं होतं. मी डिझाइन इंजिनिअर म्हणून चालले आहे, तिथे कॉम्प्युटरवर काम असतं, हे त्यांना सांगून झालं होतं. "असू दे, लागतंय," ते म्हणाले. बस लागली तेव्हा म्हणाले, "सहा महिने बघ. नाहीच जमलं तर ये परत. दुकान आहेच." मम्मी म्हणाली, "तिथं बोलत जा गं. इथं तुझ्या वाटचं मी बोलते, तिथं कोण बोलणार?"

पप्पांचं वाक्य प्रेमाचंच होतं. पण मला त्या दुकानाची भीती वाटायची. गिऱ्हाईक मला विचारायचं आणि उत्तर पप्पा द्यायचे. इंग्लिश मीडियमला घातलेली एकुलती एक मुलगी. घरात मराठीत अडखळायची आणि वर्गात इंग्रजी येत असूनही हात वर करायची नाही. माझं अर्धं वाक्य कोणीतरी पूर्ण करायचं आणि मी मान हलवायची. परत गेले असते तर पुढेही तेच झालं असतं, आणि त्यात वाईट काय आहे हे मला कोणालाच समजावून सांगता आलं नसतं.

चाकणच्या कंपनीतही प्रोबेशन सहा महिन्यांचंच होतं. मी दिघीत खोली घेतली. घरमालकीण शांताकाकू तिथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या वावरात आता तीन मजली बिल्डिंग उभी आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात अडवलं. "काय गं, तोंड हाय का न्हाई तुला? येता-जाता नुसती हसतीस." मी पुन्हा हसले. "व्हय, हेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

माझं काम कनेक्टरचं. परभणीत हे सांगितलं की लोकांना वाटतं, मोबाइलचे चार्जर बनवते. गाडीत सगळीकडे वायरींच्या जुड्या फिरलेल्या असतात. दोन जुड्या जिथे भेटतात तिथे प्लॅस्टिकच्या दोन डब्या एकमेकींत बसतात. आत पिना असतात आणि वर एक छोटी जीभ. ती वाकून खाचेत अडकते तेव्हा टक् असा आवाज येतो. पप्पा दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळतात. त्यांचा जोड कापल्याशिवाय सुटत नाही. आमचा जोड खड्ड्यातून गाडी गेली तरी सुटता कामा नये, आणि मेकॅनिकने सोडवायचं ठरवलं तर बोटाने सुटला पाहिजे. एवढ्याशा जिभेकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची, यात मी रमले. प्लॅस्टिक बोलायला लावत नाही, हेही होतंच.

माझा पहिला कनेक्टर इलेक्ट्रिक स्कूटरच्या सीटखालचा होता, सहा पिनांचा. त्याला वरून एक पिवळी पट्टी होती. जीभ पूर्ण अडकली असेल तरच ही पट्टी आत जायला हवी, म्हणजे ती आत दिसली की जोड पक्का बसला असं समजायचं. बसवणाऱ्या बायकांच्या अंगठ्याला त्रास नको म्हणून मी ती पट्टी जरा सैल केली. लॅबमध्ये मशीनने सगळं दाबून बघितलं. जोर कमी लागला, टक् छान झालं, पट्टी आत गेली. आमचे हेड साने सर म्हणाले, "गुड." त्या दिवशी मी शांताकाकूंशी आपणहून एक आख्खं वाक्य बोलले.

मग छोट्या तात्पुरत्या साच्यातून काढलेले दोनशे नग ट्रायलला स्कूटर जोडणीच्या लाइनवर गेले. तिथे छायाताई होती. पिंपरीची, पंधरा वर्षं वायरिंगच्या कामात. तिचे वडीलही कारखान्यातूनच रिटायर झालेले. लाइनवर एअर गनचा एवढा आवाज होता की माझं टक् मलाच ऐकू येईना. छायाताई हातमोजे घालून, सीटखाली हात तिरका खुपसून, न बघता कनेक्टर दाबायची, पट्टी सारायची आणि मग एक हिसका देऊन ओढायची. प्रत्येक नग.

"ताई, ओढू नका हो, ट्रायलचा माल आहे," सुपरवायझर म्हणाला.

"साहेब, सुटायचं असेल तर माझ्या हातात सुटू दे. गिऱ्हाईकाच्या बुडाखाली सुटलेलं बरं का?"

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि तीन नग माझ्या हातावर ठेवले. "मॅडम, हे तिन्ही ओढल्यावर निघाले. पट्टी मात्र बघा, कशी शहाण्यासारखी आत जाऊन बसलीय."

मला लगेच कळलं. जोड अर्धाच बसला होता आणि माझी सैल पट्टी तरीही आत गेली होती. मशीन नेहमी सरळ आणि पुरतं दाबतं, सीटखाली घातलेला घाईतला हात तसा दाबत नाही. ओढायची टेस्ट मीही केली होती, पण पूर्ण बसलेल्या नगांवर. कुलूप रोज दोनदा ओढणाऱ्या माणसाच्या घरात मी बावीस वर्षं राहिले होते.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू होता. तो पास झाला की मोठ्या साच्याचं स्टील कापायला जाणार, आणि एकदा स्टील कापलं की दुरुस्तीत महिने जातात. माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं. कागदावर सगळं पास होतं. छायाताईने ते नग कोणालाही दाखवले नव्हते.

"तुम्हीच सांगा वर," ती म्हणाली. "मी बोलले तर म्हणतील, बाईला नीट बसवता येत नाही."

म्हणजे मी गप्प राहिले असते, तर उद्या कुठेतरी भर रस्त्यात स्कूटर बंद पडली असती आणि बोट तिच्याकडे गेलं असतं. माझ्याकडे कोणी बघितलंही नसतं.

रिव्ह्यूच्या शेवटी साने सर नेहमी विचारतात, "एनी कन्सर्न्स?" या प्रश्नाला मी सहा महिने वहीत बघत आले होते. त्या दिवशी मी तिन्ही नग टेबलावर ठेवले आणि एक त्यांच्याकडे सरकवला.

"सर, ओढा."

त्यांनी ओढला. दोन डब्या दोन हातांत आल्या. "पट्टी तर आत आहे," ते म्हणाले.

"तेच सांगायचंय. पट्टी मी सैल केली. चूक माझी आहे. लाइनवर छायाताईंनी पकडली, त्यांच्या बसवण्यात काही कमी नाही."

कोणीही माझं वाक्य पूर्ण केलं नाही. शेवटपर्यंत मलाच जावं लागलं.

साने सरांनी साचे बनवणाऱ्या टूलरूमच्या माणसाकडे बघितलं. "स्टील कापलं?"

"उद्या लावणार होतो, सर."

"मग बरं झालं की." माझ्याकडे वळून म्हणाले, "दुरुस्तीला किती दिवस?"

"चार."

"पाच घे. आणि त्या ताईंना दाखवल्याशिवाय माझ्याकडे आणू नकोस."

बाथरूममध्ये जाऊन मी तोंड धुतलं. संध्याकाळी कंपनीची बस मोशीला तासभर अडकली. सगळे वैतागले होते. मी खिडकीला डोकं टेकवून स्वस्थ झोपले.

पाचव्या दिवशी छायाताईने नवा कनेक्टर मुद्दाम वेडावाकडा बसवून बघितला. अर्धवट बसला की आता पट्टी अडायची, कितीही रेटली तरी. पुरता बसला की अलगद आत. मग तिने तो ओढला. "आता ऐकते ही," म्हणाली आणि पुढचा उचलला. माझं कन्फर्मेशनचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. टेस्टर आणि टेपही लागलेच, काकूंच्या दारावरची बेल मी दुरुस्त केली. "पोरगी बोलती पन आन् कामाची बी हाय," त्या खालच्या बिऱ्हाडाला सांगत होत्या.

पप्पांना फोनवर हा सगळा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "टेप मारली असतीस तर सुटलंच नसतं." ते गंमत करत नव्हते.

आता मला इथे दोन वर्षं होतील. पप्पा दर रविवारी दुपारी, दुकान बंद करता करता फोन करतात आणि स्टँडवर बोलले होते तेच विचारतात. सुरुवातीला तो प्रश्न मला नकोसा व्हायचा. वाटायचं, ते मला परत बोलवताहेत. हल्ली मी त्या प्रश्नाची वाट बघते. परभणीत राहिलेल्या मैत्रिणी विचारतात, घरची आठवण येत नाही का? येते, आणि बहुतेक वेळा ती रविवारी दुपारी येते.

गेल्या रविवारीही त्यांनी विचारलं, "जमायलंय का? नाहीतर ये परत."

"जमायलंय, पप्पा."

"बरं," ते म्हणाले. फोन त्यांनी खांद्याशी धरला असावा, कारण मला शटर खाली आल्याचं ऐकू आलं, आणि मग कुलूप ओढल्याचं. दोनदा.