शिडीवर माणूस दिसला पाहिजे

माझे धाकटे दीर खिडक्या धुतात. लोक त्यांना काचवाले म्हणतात, मी भावजी म्हणते आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, येता-जाता त्यांना "खाली उतरा" म्हणते. ते कुठे चढलेले नसतात, तरी म्हणते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानाची काच पुसताना भावजी शिडीवरून पडले आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. प्लास्टर वाळायच्या आत जावेने त्यांच्याकडून वचन घेतलं, की यापुढे दोन्ही पाय जमिनीवर. भावजी शब्दाचे पक्के. तेव्हापासून घरातला दिवा गेला तरी ते स्टुलावर चढत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांचे दिवे मी बदलते. माझे गुडघे कसे आहेत, हे कुणी विचारत नाही.

शिडी सुटली म्हणून त्यांनी स्कूटर विकली आणि ट्रॉली घेतली. दोन चाकांची, ओढत न्यायची. खाली पाण्याची टाकी, तिच्यावर बॅटरी आणि छोटा पंप, बाजूला फिल्टर, मागे रबरी नळीचं रीळ. नळी एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांच्या लांबलचक काठीला जोडलेली, काठीच्या टोकाला ब्रश, आणि ब्रशमधून पाणी. जमिनीवर उभं राहून दुसऱ्या मजल्याची काच धुता येते. शिवाय धुतल्यावर पुसायचीही नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते वाळले की पांढरे डाग पडतात. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात काहीच नसतं, त्यामुळे वाळल्यावर मागे काहीच राहत नाही. भावजी हे समजावताना अगदी हळवे होतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "पाण्यात काही नाही, काचेवर काही नाही, मग हे धूड माझ्या पॅसेजमध्ये कशाला?"

कारण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही आणि आम्ही तळमजल्यावर. ट्रॉली आमच्या पॅसेजमध्ये झोपते आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या प्लगवर चार्ज होते. पाहुणे आले की आधी ट्रॉलीला अडखळतात, मग आम्हाला भेटतात.

भावजींचं मोठं काम एकच, एका विमा कंपनीची दुमजली कचेरी. ते काम होतं म्हणून ट्रॉली परवडत होती. ते गेलं असतं तर त्यांना हा धंदा सोडावा लागला असता किंवा वचन. आणि पहिल्याच दिवशी ते जायची वेळ आली. मॅनेजरसाहेब बाहेर आले, त्यांनी ओल्या काचांकडे पाहिलं, जमिनीवर उभ्या भावजींकडे पाहिलं आणि विचारलं, "पुसणार कधी?"

"पुसायचं नसतं साहेब. आपोआप वाळतं."

"म्हणजे तुम्ही नुसतं पाणी मारता आणि उरलेलं काम हवा करते."

भावजींनी क्षारांचं सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते सगळं बरोबर असेल. पण आमचे वरचे लोक गाडीतून उतरतात तेव्हा खिडकी धुतली जाते आहे हे त्यांना कळायला नको का? तुम्ही खाली उभे. तुम्ही कुणाची वाट बघताय असंच वाटतं. शिडीवर माणूस दिसला पाहिजे."

भावजी घरी आले आणि पॅसेजमध्ये ट्रॉलीवरच बसले. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत आमचे हे वर्तमानपत्रामागे बसले होते.

यांची ओळख करून द्यायला हवी. हे निवृत्त हेडक्लार्क. आयुष्यात यांनी कधी स्वतःचा कप विसळलेला नाही. पण कामात असल्याचा चेहरा असा, की बघणाऱ्याला दम लागावा. कपाळाला आठी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मधूनच एक लांब सुस्कारा. नोकरीभर यांच्या टेबलापाशी आलेला माणूस "तुम्ही गडबडीत दिसता, नंतर येतो" म्हणून परत जायचा. मी जाऊन वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हटलं, "उठा. तुमच्या लायकीचं काम आलंय."

अशा रीतीने हे शिडीवर गेले. पद्धत अशी ठरली: शिडी पहिल्या मजल्याच्या खिडकीशी टेकवायची, यांनी अर्ध्यापर्यंत चढायचं, हातात कोरडं फडकं घ्यायचं आणि काचेपासून वीतभर अंतरावर हवेत फिरवायचं. काचेला लागलं तर डाग पडेल, म्हणून लावायचं अजिबात नाही. खालून भावजी यांच्या खांद्यावरून, डोक्यावरून काठी नेऊन खऱ्या खिडक्या धुणार. पाणी ठिबकतं म्हणून यांच्या डोक्यावर माझी आंघोळीची टोपी.

साहेब खूश झाले. कचेरी खूश झाली. यांनी हवा पुसली आणि काचा आरशासारख्या निघाल्या. आतल्या बायका यांना खिडकीतून चहाचा कप दाखवून खुणा करायच्या, मग शिपाई चहा आणून द्यायचा, एकच कप. खाली भावजी काठी धरून उभे. एकदा कुणीतरी त्यांना विचारलंही, "तुम्ही यांच्याबरोबर आलात का?"

भावजी बोलून दाखवत नसत, पण मला दिसत होतं. चांगली धुतलेली काच कुणाला दिसतच नाही, याची त्यांना सवय होती. पण आता ती दिसायला लागली होती आणि नाव दुसऱ्याचं होत होतं, तेही सख्ख्या भावाचं. त्यात आमचे हे घरी येऊन खांदा चोळायला लागले. "आज उजवी बाजू फार होती," म्हणायचे. मी विचारलं, "कशाची?" तर म्हणे, "काचांची." एकदा शेजाऱ्यांना काच कशी पुसावी यावर बराच वेळ सांगत होते. मनगट सैल ठेवायचं, म्हणे. मी मूग गिळून ऐकत होते, हे मला अजून खरं वाटत नाही.

मग एका शुक्रवारी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. म्हणाले, "एका खिडकीला दोन माणसं कशाला? आम्ही सगळीकडेच माणसं कमी करतोय. वरचे काका राहू देत. खालचे नुसते उभे असतात."

आणि आमचे हे काय म्हणाले? "जशी आपली मर्जी, साहेब." जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. भावजींनी नळी गुंडाळली आणि ट्रॉली ओढत एकटे घरी आले. हे बसने आले.

मला कळलं तेव्हा मी हातातलं पातेलं आदळलं. "अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"त्यांनी मलाच विचारलं," हे म्हणाले. "मी काय करू? काम माझं त्यांना आवडलं."

"कुठलं काम?"

यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मला वाटतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच यांनी त्या प्रश्नाचा विचार केला. पण आता मागे फिरणं म्हणजे नाक कापून घेणं. सोमवारी सकाळी हे शिडी, बादली, माझी आंघोळीची टोपी, भांड्यांचा साबण आणि स्वतःचा जुना बनियन घेऊन निघाले. पॅसेजमध्ये ट्रॉली होती. तिला वळसा घालून गेले, तिच्याकडे बघितलं नाही.

चष्मा मात्र टेबलावर विसरले. तो द्यायला म्हणून मी गेले. जाऊन बघते तर पहिल्या मजल्याच्या सगळ्या काचांवर साबणाचे पांढरे फरांटे. दारात साहेब उभे, चेहरा खुललेला.

"बघा," मला म्हणाले, "आज कसं काम केलेलं दिसतंय."

मी कपाळाला हात लावला. मग वर पाहिलं. आता खालून काठी नव्हती, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसाठी हे शिडीच्या टोकापर्यंत चढले होते आणि तिथेच चिकटले होते. एक हात शिडीला, दुसऱ्या हातात बनियन, तो काचेला दाबलेला. या कचेरीच्या खिडक्या कायमच्या बंद, उघडतच नाहीत. आतल्या लोकांना यांचा आवाज जात नव्हता, आणि साबणाच्या फेसातून चेहराही दिसत नव्हता. बनियन तेवढा जागच्या जागी थरथरताना दिसत होता.

"अर्धा तास एकच काच," साहेब म्हणाले. "हल्ली असं मन लावून कोण करतं?"

"कोण आहे खाली?" वरून बारीक आवाज आला.

"मी आहे. उतरा."

"पाय कुठे आहे माझा?"

मी भावजींना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूची खिडकी?" थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाला ते दिसले, ट्रॉली ओढत जवळजवळ पळत येत होते. मागून जाऊ पळत होती, तिने त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलेलं. माझा जीव टांगणीला लागला होता, तरी मनात आलं, भाऊ वर लटकलाय आणि हा माणूस काचा धुवायला निघालाय.

भावजींनी वर पाहिलं. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"खाली," जाऊ म्हणाली. रडत होती, पण शर्ट सोडत नव्हती. "माझ्यासमोर नाही. दादांसाठीसुद्धा नाही."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं, वर भावाकडे पाहिलं. वचन मोडलं तर बायको, पाळलं तर भाऊ. मग त्यांनी पाय खाली घेतला, वळले आणि ट्रॉलीवरची काठी काढली. एकेक तुकडा सरकवत ती यांच्या पायांपर्यंत नेली आणि ब्रशने यांच्या डाव्या टाचेला हळूच टोचलं.

"दादा, हा डावा. हा उचल. मी नेतो तसा खाली आण."

टाच उचलली गेली. ब्रश तिच्यासोबत खाली आला, पायरीवर थांबला. टाच पायरीवर टेकली.

"आता उजवा."

सवयीने भावजींचा हात पंपाच्या बटणावर गेला होता, त्यामुळे ब्रशमधून पाणीही सुरू होतं. यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली. वरचा भाग कशाने ओला झाला याबद्दल हे वेगळं सांगतात, मी वाद घालत नाही. डावा, उजवा, डावा, उजवा, असं करत भावजींनी सख्ख्या भावाला काठीच्या टोकावर खाली आणलं. स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. खाली टेकल्यावर हे भावजींच्या गळ्यात पडले आणि आंघोळीची टोपी घातलेल्या डोक्याने बराच वेळ तिथेच राहिले.

सगळी कचेरी दारात जमली होती. साहेब पुढे झाले. त्यांनी ट्रॉली नीट न्याहाळली, काठी न्याहाळली आणि भावजींचा हात हातात घेतला.

"उत्तम यंत्रणा आहे," म्हणाले. "माणूस उतरवायची. तुम्ही पूर्वी कधी आमच्याकडे आला होतात का?"

भावजींनी तोंड उघडलं. जावेने डोळ्यांनी खुणावलं. ते मिटलं.

"यापुढे काका वर असतील तेव्हा तुम्ही खाली हजर पाहिजे," साहेब म्हणाले. "ट्रॉलीसकट. सुरक्षा म्हणून. आणि वाट बघताना हात रिकामे राहतील, तेव्हा वाटल्यास थोडं पाणी मारत जा. काकांना मदत होईल."

म्हणजे सगळं होतं तिथेच आलं. आता भावजींच्या गळ्यात 'सुरक्षा' असं लिहिलेलं ओळखपत्र असतं. त्यांना चहा मिळतो, पण तोही काचांसाठी नाही. मी चिडले होते. मी साहेबांना सगळं सांगून टाकणार होते. जाऊ म्हणाली, "ताई, राहू द्या. पाय जमिनीवर आहेत ना?"

त्या दिवसानंतर आमचे हे काचांबद्दल कुणाला काही सांगत नाहीत. खांदाही दुखत नाही. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम बघायला गेले. हे पूर्वीसारखे अर्ध्या शिडीवर, फडकं काचेपासून वीतभर लांब. पण एकेक खिडकी धुऊन झाली की हे काचेवर बोटाने टकटक करायचे. आतला माणूस कामातून मान वर करायचा. हे त्याच्याकडे गंभीरपणे बघायचे आणि बोटाने खाली दाखवायचे. त्याला वाटायचं काहीतरी पडलं, म्हणून तो उठून काचेशी यायचा. खाली ट्रॉलीजवळ भावजी काठी धरून उभे. ते ओशाळून एक हात वर करायचे. आतलाही हात वर करायचा. एवढं झालं की शिडी पुढच्या खिडकीला.

आता दर सोमवारी हे असंच चालतं. आत काय समजतात कुणास ठाऊक. पण नुकत्याच धुतलेल्या प्रत्येक काचेवर यांच्या बोटाचा ठसा राहतो आणि तो भावजींना पुन्हा धुवावा लागतो. परवा ते ट्रॉली चार्जिंगला लावत होते, तेव्हा मी म्हटलं, "भावजी, सांगा की यांना, काचेला बोट लावू नका म्हणून. तुमचं काम दुप्पट होतं."

भावजींनी प्लग घट्ट बसवला, लाल दिवा लागला याची खात्री केली.

"असू दे वहिनी," म्हणाले. "तेवढा डाग धुवायला मला आवडतं."