शेवंती काळी होती

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात पोदेराकडून पाव घेत होते. धारगळहून त्यांचा भाचा उदय बोलत होता. "हेमाताई, मावशी गेली... सकाळी चहा मागितला, आणि मी तो आणीपर्यंत..."  पावांची पिशवी हातात धरून पायरीवर बसून राहिले. आता काही आठवडे उलटलेत. त्यांच्या लेखनाबद्दल जाणकार लिहितील, त्यांनी लिहावंच. मला सांगायचंय ते एवढंच की, या बाईने मला माझं तोंड घेऊन चारचौघांत उभं राहायला शिकवलं, आणि तेसुद्धा एक शब्द उपदेशाचा न बोलता.

माझे वडील दोडामार्गाकडचे. खाणीवरचा ट्रक चालवायला डिचोलीत आले आणि सर्वणला भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी आमचा संसार मांडला. कुसुमताई तिथल्या शाळेत शिकवायच्या. माझी शाळा संपली, मी बालवाडीत शिकवू लागले, आणि त्याच सुमारास त्यांची कादंबरी रविवारच्या पुरवणीत क्रमशः येऊ लागली. बापाच्या मागे त्याची होडी वल्हवून लोकांना नदीपार नेणाऱ्या शेवंतीची गोष्ट. बाबा ती मोठ्याने वाचायचे आणि आई चुलीवरचा तवा उतरवून ऐकायला बसायची. शेजारच्या दुकानदारीण सावित्रीकाकी तर दर रविवारी रडायच्या. शेवंतीची होडी बुडाली त्या दिवशी त्यांनी दुकानच उघडलं नाही, आणि गिऱ्हाइकांनीही तक्रार केली नाही. घरचंच कोणी गेल्यासारखं गाव गप्प होतं.

एकदा कुसुमताई आमच्याकडे आल्या. मी जपून ठेवलेले पुरवणीचे अंक जनेलाशी, खिडकीच्या कडेला रचलेले होते. वरच्याच अंकात शेवंतीचं चित्र होतं: नाजूक, गोरीपान, टपोरे डोळे. ते पाहत त्यांनी मला सहज विचारलं, "तुका कशी दिसता गो शेवंती?"

"अशीच," मी म्हटलं. "गोरी."

"हांवें पयल्याच पानार बरयलां, ती काळी म्हूण. वाचूंक ना तुवें?"

"वाचलंय मां. पण माका ती गोरीच दिसता."

त्या हसल्या. अंबाड्यात खोवलेली पेन्सिल काढली आणि चित्रातल्या शेवंतीचा चेहरा, मान, वल्ह्यावरचे हात सावकाश काळे करत गेल्या. ही त्यांची सवयच होती हे मला मागाहून कळलं. ज्याच्या घरी जातील तिथला अंक मागायच्या आणि गप्पा मारता मारता शेवंती रंगवायच्या. त्यांचा राग चित्रकारावर नव्हता. "त्याने वाचलं असणार, पण हाताला सवय गोऱ्या बाईची," एवढंच म्हणायच्या. मी मात्र त्या रात्री पहिला भाग पुन्हा काढून वाचला. 'शेवंती काळी होती. सावळी नव्हे, काळी.' इतकं स्वच्छ लिहिलेलं. दिवसभर उन्हात होडी वल्हवणारी पोर दुधासारखी गोरी राहील तरी कशी? आणि घरात माझ्या तोंडाला साय-हळद चोळून चोळून आई थकलेली, तरी जी मला आवडली ती मला माझ्यासारखी दिसली नव्हती... मला फार वाईट वाटलं.

मला पाहून लिहिली का, असं मी एकदा धीर करून विचारलं. "तूं खंय होडी व्हरतालीस?" म्हणाल्या. "म्हजी आवय ती." कुसुमताई बापावर गेलेल्या, लख्ख गोऱ्या. लग्नाकार्यात त्यांना पुढे बसवायचे आणि आईला रांधपघरात ठेवायचे. 

मग गावच्या मंडळाने उत्सवात शेवंतीचं नाटक करायचं ठरवलं. नुकतंच घटक राज्य झालं होतं, भाषेचा वाद अजून निवला नव्हता. मंडळात एक गट कोंकणीचा, एक मराठीचा. नाटक मराठीत आणि भांडण कोंकणीत, असा तालमीचा क्रम. पण एका गोष्टीवर दोन्ही गटांचं एकमत झालं, शेवंती गोरी हवी. बाहेरून नटी आणायचं घाटत होतं. कुसुमताईंनी एकच अट घातली: हेमा शेवंती करणार असेल तर नाटक करा, नाहीतर दुसरं शोधा. मंडळाने मान डोलावली. रंगाची पेटी येणारच होती, मग अडचण कसली?

ही बातमी दुकानात पोचली तेव्हा मी साखर घ्यायला उभी होते. सावित्रीकाकी माझ्याकडे न बघता दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "हे काळ्ये खातीर हांव रडल्लें?" मी साखर न घेताच परतले आणि थेट कुसुमताईंकडे जाऊन सांगितलं, मला नको हे काम. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुका करूंक जाय काय ना, तितलेंच सांग. रंगाचें हांव पळयतां."

करायचंय की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, "माका करूचा आसा."

उत्सवाच्या दिवशी देवळाच्या अग्रशाळेतल्या खोलीत म्हापशाहून रंगभूषेचा माणूस आला. राणी असो की मोलकरीण, बायकांना तो एकच रंग लावायचा, भिंतीला चुना काढल्यासारखा. त्याने पेटी ठेवली, हात धुवायला गेला आणि परत येतो तर पेटीवर कुसुमताई. "पांय दुखतात रे पुता, बसूं दी मात्शें." मास्तरणीला ऊठ म्हणणार कोण? मंडळातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. बाकीचे सगळे नटसुद्धा त्या दिवशी बिनरंगाचे गेले. तिसरी घंटा झाली तेव्हा कुठे बाईंचे पाय बरे झाले.

मी रंगमंचावर आले आणि मागून कोणीतरी ट्रकच्या भोंग्याचा आवाज काढला. हशा झाला. मी बाजूला पाहिलं. विंगेत कुसुमताई उभ्या होत्या, खुणावलं वगैरे काही नाही, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मी वल्हं उचललं. होडी बुडायच्या प्रवेशाला समोरचे पदर डोळ्यांना लागलेले मला दिसले, आणि मग मला कोणाचीच भीती वाटली नाही.

नाटकानंतर सावित्रीकाकी आत आल्या, डोळे सुजलेले. माझ्या गालावरून अंगठा घासून त्यांनी अंगठा पाहिला. पदराचं टोक ओलं करून पुन्हा घासलं. मग रंगभूषावाल्याला म्हणाल्या, "रंग बरो लायला रे, सुटना." तो पठ्ठ्याही म्हणाला, "हांव खात्रेचोच रंग वापरतां." कुसुमताई इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा त्या पेटीवर बसावं लागलं. काकी आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या... हळूहळू त्यांना उमगलं.  माझा चेहरा ओंजळीत धरून म्हणाल्या, "जेवलंस गो?"

पुढे मी बरीच वर्षं नाटकं केली. रंगाची पेटी पुढे आली की मी हसून बाजूला सारायची, आणि दर वेळी मनात बाईंचे उपकार मानायची. ते त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता.

बाराव्याला धारगळला गेले. शाळा सोडल्यावर त्या भाच्याकडे राहायच्या; महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज त्यांच्या खोलीत अजून तसाच येतो. मेजावर कादंबरीच्या नव्या आवृत्तीच्या प्रती होत्या. मुखपृष्ठ गुळगुळीत, आणि त्यावर शेवंती... पुन्हा गोरी. पण प्रत्येक प्रतीवर तिचा चेहरा काळा केलेला. "पेन्सिल लागेना म्हणून मावशीने काजळाची डबी मागवली," उदय म्हणाला. "येईल त्याला रंगवून एकेक प्रत द्यायची." एक प्रत त्याने माझ्या हातात ठेवली.

बसमध्ये ती मांडीवर धरून बसले होते. डिचोलीला उतरताना पाहिलं तर काजळ माझ्या बोटांना आलं होतं आणि शेवंतीचा गाल पुन्हा गोरा झाला होता. माझ्या गालाचा रंग काकींच्या ओल्या पदरानेही सुटला नव्हता. हिचा मात्र नुसत्या हाताने सुटतो. घरी आल्यावर मी माझी काजळाची डबी काढली आणि बोटाने तो गाल भरला. पुस्तक आता माझ्या मेजावर आहे. येणारं-जाणारं कोणी हातात घेतं, रंग पुसट होतो. मी परत लावते.