झेंडूखालचं पहिलं पान

"पहिलं पान काढून टाकलंय हं मी, फाइल उगाच जड होत होती," वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी कुलपात किल्ली फिरवून दार उघडता उघडता मनात म्हटलं, झालं, काकांचं वाटप सुरू.

इतका प्रामाणिक चोर साऱ्या नाशिक रोडला शोधून मिळायचा नाही. नोटांच्या प्रेसमध्ये उभी हयात गेलेली. अजूनही दुकानदाराने परत दिलेली दहाची नोट उजेडात धरून पाहिल्याशिवाय खिशात जात नाही. नकली पनीर त्यांना वासावरून कळतं. पंचवटीत भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या काकूंना ते भर बाजारात "अगं, उन्हात बसलीये ती!" म्हणून रागावतात आणि सुटे परत घेत नाहीत. पण फोन हातात आला की या माणसाचं काय होतं, देव जाणे. सिनेमे, गाणी, पुस्तकं, सगळं कुठून तरी 'मोकळं' करून आणलेलं. एकदा पंचांगाच्या ॲपने जाहिराती थांबवायला चहापेक्षाही कमी पैसे मागितले. काकांनी अख्खी दुपार खपून दुसरं मोकळं पंचांग मिळवलं. ते निघालं तेलुगू. काकूंची एकादशी चुकली, काका मात्र खूश.

मी तेव्हा विचारलं, "पण काका, एवढ्याशा पैशांसाठी?"

"पैशांचं नाही गं बाळा. द्यायचे कुणाला? समोर हात नको का कुणाचा? या फोनच्या काचेवर ठेवू?"

आणि एकटे कधी खात नाहीत. मेव्हण्याच्या बागेतून द्राक्षांची पेटी आली की घरोघरी घड पोचतात. मिळवलेल्या फाइलीही तशाच. वर झेंडूचं फूल आणि 'शुभ सकाळ' चिकटवून.

तर त्या दिवशी काका जिना उतरून आले. "अरे, तू! थांब, तुलाही पाठवतो. गोष्टी आहेत. काय लिहिलंय त्या बाईनं! तुझी काकू तर रडली वाचून. पुण्याची असणार कोणी. वाच तू, मराठी सुधारेल तुझं."

माझा फोन वाजला. झेंडू. शुभ सकाळ. त्याखाली माझ्या पहिल्या गोष्टीचं पहिलं वाक्य.

माझी शाळा इंग्रजी. मी 'सदुसष्ट' म्हणायला अडखळले की घरात अजून हशा होतो. म्हणून कुणालाही न सांगता मी त्या गोष्टी लिहिल्या होत्या आणि वडापावच्या किमतीत एका साइटवर ठेवल्या होत्या. नाव तेवढं खरं दिलं होतं, पूर्ण, बाबांच्या नावासकट. एकाच ठिकाणी. पहिल्या पानावर.

काकू रडल्या होत्या. माझ्या मराठीने. आणि ते कुणाचं, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"कुणी लिहिलंय, काका?"

"कोण बघतंय ते! पण भेटली ना, तर द्राक्षांची पेटी घरी नेऊन देईन तिला. अख्खी."

ते खरंच नेऊन देतील, हे मला ठाऊक होतं. नेहमीसारखी मान हलवून आत जायला मी वळलेसुद्धा. दार उघडंच होतं.

"काका," मी म्हणाले, "ते पहिलं पान परत लावाल? त्याच्यावर माझं नाव होतं."