आनंदाबाईच्या बोटांचा ठेका

देवळीजवळच्या त्या गावात भजन रंगलं की नाही, हे आनंदाबाईच्या खंजेरीवरून ठरायचं. तिची बोटं पडायला लागली की पेंगणाऱ्या बायाही सरसावून बसायच्या. यंदा सेलूला महिला मंडळांची भजनस्पर्धा होती आणि तिचं मंडळ पहिल्यांदाच तालुक्याबाहेर जाणार होतं. नेमकं तेव्हाच, नवऱ्याच्या, रूपरावांच्या, मोटरसायकलवरून येताना, गतिरोधकावर ती उसळली आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागली.

हाड जुळत होतं, पण हात पाहवत नव्हता. बोटं तट्ट फुगलेली, कातडी चकाकणारी. आनंदाबाई हात गळ्यातल्या झोळीत घालून तान्ह्या लेकरासारखा जपायची, बोट म्हणून हलवायची नाही. मंडळात पेटी वाजवणारी भागाबाई म्हणाली, गरम तेलानं चांगलं रगडून घे. रूपरावांनी तेल तापवायलाही ठेवलं होतं, पण आधी विचारलेलं बरं म्हणून नवराबायको बोरगाव मेघेला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेले.

चंचल मॅडम तिच्या लेकीच्या वयाची. "काकू, बोटं काऊन हालवत नाई?"

"आतली पट्टी निसटली तं?"

"बोटं हालवल्यानं नाई निसटत. उलट बोटं हालली की साचलेलं पाणी वर सरकते. तुमी हात खाली लोंबता ठेवता, मंग ते सारं बोटात उतरून राह्यलं. अन् तेलानं रगडाल तं अजून फुगंल."

मग तिनं नीट समजावलं. बसता-झोपता हात उशीवर, छातीपेक्षा उंच. बोटं पूर्ण उघडायची, जमेल तेवढी मिटायची. कोपर आणि खांदाही फिरवत राहायचं. जखम पूर्ण भरली की बोटांच्या टोकाकडून कोपराकडे अगदी हलका हात फिरवायचा. बोटं निळी किंवा बधिर पडली, ताप आला, दुखणं एकाएकी वाढलं, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

"हात बरा झाल्यावर पयलं काम काय करणार?" चंचलनं विचारलं.

"सेलूले खंजेरी वाजवीन."

"मंग ठेक्यावरच बोटं उघडा-मिटा ना."

हे आनंदाबाईला असं पटलं की घरी पोचल्यापोचल्या तिनं उशा रचल्या. ओठात भजन, उशीवर बोटं. आजवर भजनाला कधी न बसलेले रूपराव समोर ताट घेऊन ठेका द्यायला लागले.

"तुमचा ठेका चुकून राह्यला," ती म्हणायची.

"मी तं तुये बोटं पाहून वाजवून राह्यलो," ते म्हणायचे, आणि दोघंही हसत सुटायचे.

सकाळी सूज उतरायची, संध्याकाळी पुन्हा चढायची. ती हिरमुसली की चंचल सांगायची, असंच होते, पण रोज थोडी कमी चढते. आणि एका सकाळी चहा घेताना आनंदाबाईला बोटांच्या पेरांवर बारीक सुरकुत्या दिसल्या. कप तसाच ठेवून ती भागाबाईच्या दारात पोचली. "माह्या सुरकुत्या पाह्य ओ भागाबाई!" म्हातारपणाची खूण अशी मिरवणारी बाई गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. पुढे बोटं तळव्याला टेकली, तेव्हा तर तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला मूठ दाखवली.

स्पर्धेआधी डॉक्टरांनी एक्सरे पाहून हाड भरल्याचं सांगितलं. चंचलनं एकाच भजनाची परवानगी दिली, तीही हलक्या हातानं.

सेलूचा मांडव खच्चून भरला होता. नाव पुकारलं तशी आनंदाबाईनं खंजेरी उचलली. पहिल्या थापा इतक्या मऊ पडल्या की मागच्या रांगेत चुळबुळ झाली. भागाबाईनं तिच्याकडे पाहून पेटीचा आवाज उतरवला. दुसऱ्या कडव्याला बोटं मोकळी झाली, ठेका चढला आणि बघता बघता सारा मांडव टाळ्यांनी ताल धरायला लागला. रूपराव तर खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

दुसरा नंबर आला. परतीच्या टेम्पोत हात थोडा फुगला होता. तो भागाबाईच्या खांद्यावर टाकून आनंदाबाई तोंडानंच ठेका देत होती. पवनारला टेम्पो चहासाठी थांबला. बक्षिसाची ढाल पाहून टपरीवाला म्हणाला, "एखादं होऊ द्या बाई." बायांनी चहा होईपर्यंत तीन भजनं म्हटली.