खालून कापलेल्या ओळी

अब्दुल शकूर यांचे गेल्या महिन्यात एका मंगळवारी पहाटे अचलपूर येथे राहत्या घरी निधन झाले. मूत्रपिंडाच्या विकाराने ते दोन वर्षे आजारी होते. दफन त्याच दिवशी दुपारच्या नमाजनंतर झाले. त्यांची मुलगी रुबिना हिने सकाळी मला अमरावतीला फोन करून ही बातमी कळवली. पेपरात द्यायचे का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "द्या अंकल. पण मोठं नोका देऊ. अब्बा म्हनत, मोठं देल्लं का खालून कापतात." दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी चार ओळींत आली. कापावी लागली नाही.

शकूरभाई अकोल्याच्या एका दैनिकात ऑपरेटर होते. तालुक्याच्या वार्ताहरांच्या फॅक्सने आलेल्या बातम्या टाइप करायच्या आणि पान लावायचे, हे त्यांचे काम. मी तेव्हा त्याच कार्यालयात उपसंपादक होतो. पानावर बातमी बसली नाही की ती खालून कापतात, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. महत्त्वाचे वर लिहायचे आणि कमी महत्त्वाचे खाली, म्हणजे घाईत कापले तरी बिघडत नाही. त्या वर्षांत कापसाचा भाव पडलेला होता, अचलपूर‑चांदूर बाजारकडच्या संत्र्याच्या बागा पाण्यावाचून वाळत होत्या आणि मरणाच्या बातम्या रोज येत. आधी त्यांना दोन कॉलम मिळत, पुढे एक कॉलम, पुढे संक्षिप्तमध्ये काही ओळी. कापायला सांगितले की शकूरभाई निमूट कापत, पण कापलेला तुकडा पुसून टाकत नसत. आपल्या नावाच्या एका फाईलमध्ये तो ठेवून देत. कशाला, असे एकदा विचारले. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "भाऊ, वरचं सारं सारकंच राह्यते. गाव, तालुका, पोलिसांनी नोंद केली. मानूस खाली राह्यते." एवढे बोलून त्यांनी पुढचे पान उघडले.

मग पाने लावण्याचे काम मुख्य कार्यालयात गेले आणि अकोल्याचे ऑपरेटर घरी बसले. शकूरभाईंनी ती फाईल पेन ड्राईव्हवर घेतली आणि ते अचलपूरला परतले. घरातल्या पुढच्या खोलीत एक संगणक मांडून लग्नपत्रिका, बिलबुके आणि नगरपालिका निवडणुकीची पत्रके करू लागले. परतवाड्याच्या सायबर कॅफेत त्यांनी पहिल्यांदा कोणाचा तरी ब्लॉग पाहिला. याला पैसे किती, असे त्यांनी कॅफेवाल्याला विचारले. काहीच नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला फोन केला. "फुकट म्हंते. मंग याचा मालक कोन?"

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जे जे फुकट होते ते गोळा केले. पेपरचा फॉन्ट पेपरच्याच संगणकावर उघडे, इंटरनेटवर त्याचे चौकोन आणि फुल्या दिसत. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी बनवलेले एक पान त्यांना इंटरनेटवरच सापडले. वरच्या चौकटीत जुना मजकूर टाकायचा आणि बटण दाबायचे, की खालच्या चौकटीत कुठेही वाचता येईल असे मराठी येई. भारनियमनात दिवसातला मोठा भाग वीज नसे, म्हणून त्यांनी नेट नसताना लिहून ठेवण्याचे आणि नेट आले की एकदम चढवण्याचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. फोटो लहान करणारे वेगळे होते, वाचक मोजणारे वेगळे. ब्लॉगचे नाव त्यांनी 'उरलेल्या ओळी' ठेवले आणि आयत्या मिळालेल्या साच्यात फेरफार करून ते पान हुबेहूब वर्तमानपत्रासारखे केले. एका मरणाची एक नोंद. वर छापून आलेला भाग, खाली कापलेला.

तालुक्याचे वार्ताहर हे शिकायला त्यांच्याकडे येत. अंजनगाव सुर्जीचा एक जण त्यांच्याच संगणकावर बसून म्हणाला होता, "शकूरभाई, फुकटचं हाय तं कावून येवढा जीव काढून रायले?" ते म्हणाले, "तुले कापून कापून हात दुखले माहे. आता लिव किती लिवतं तं." त्याने पहिलीच नोंद इतकी लांब लिहिली, की शकूरभाईंनी ती वाचून, आपले हात शिवशिवत असल्याचे त्याला सांगितले.

वाचक फार नव्हते. पण जे होते ते कारणाने येत. चांदूर बाजार तालुक्यात एक विहीर खोल करताना खचली आणि तीन मजूर दबून मेले होते. पेपरात दोघांची नावे आली, तिसरा 'अन्य एक' झाला. ब्लॉगवर त्याचे नाव होते, तो त्या दिवशी भावाच्या बदली कामावर गेला होता हे होते, आणि त्याला चांगले पोहता येत असे, हे वार्ताहराने का कोण जाणे लिहिलेले वाक्यही होते. त्याची मुलगी मंगला हिला ते कॉलेजच्या मैत्रिणीने दाखवले. बापाविषयी छापील काहीच तिच्या घरात नव्हते. ती बाजाराच्या दिवशी चांदूर बाजारच्या एका फोन बूथवरून शकूरभाईंना फोन करू लागली. ते तिच्याशी काय बोलत, हे रुबिनालाही नीट माहीत नाही. पण तो फोन आला की ते ग्राहकाला बसवून ठेवत.

ब्लॉगची फुकट जागा देणारी कंपनी सेवा बंद करणार असल्याचा ईमेल आला, तेव्हा शकूरभाई डायलिसिससाठी अमरावतीच्या फेऱ्या करत होते. मुदत संपत आल्यावर त्यांनी तो पाहिला. मूळ फाईल त्यांच्याकडे राहिलेली नव्हती. पान छपाईला सुटले की मशीन साफ करायची, ही ऑपरेटरची शिस्त. जुनी प्रत सांभाळायला कार्यालयात वेगळी खोली असते. त्याच शिस्तीने ते ब्लॉगवर चढवलेला प्रत्येक तुकडा पेन ड्राईव्हवरून पुसत आले होते. कंपनी सगळा मजकूर एका मोठ्या फाईलमध्ये उतरवून घेऊ देत होती. ती फाईल निम्म्यावर आली की वीज जाई, वीज असली की लाईन तुटे. शेवटी त्यांना आणखी एक फुकटचे साधन मिळाले. हे साधन जुन्या जागेवरची एकेक नोंद उचलून दुसऱ्या कंपनीच्या फुकट जागेवर ठेवत असे. एका दुपारी ते काम पूर्ण झाले. नव्या जागेवर सगळे मथळे ओळीने दिसले, प्रत्येकाखाली सुरुवातीचा मजकूर आणि 'पुढे वाचा'. पान जसे असायला हवे तसेच होते. जुनी जागा ठरल्या दिवशी बंद झाली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मंगलाचा फोन आला. तिने विचारले, "चाचा, माह्या बाबाचं खालचं कोठी गेलं?"

झाले ते असे होते. दुसऱ्या साधनांना आपल्या नोंदींतले किती द्यायचे, पूर्ण की नुसती सुरुवात, हे ब्लॉग सुरू करताना ठरवावे लागे. शकूरभाईंनी सुरुवात एवढेच निवडले होते. पहिल्या पानावर बातमी थोडी द्यायची आणि 'पुढील मजकूर पान सातवर' लिहायचे, ही सवय. हलवणाऱ्या साधनाने तेवढेच उचलले. प्रत्येक नोंदीचा वरचा, छापून आलेला भाग नव्या जागेवर आला होता. खालचा कुठेच नव्हता. त्यांनी कंपनीला ईमेल केले. रुबिनाने ते इंग्रजीत लिहून दिले. उत्तर आले ते संगणकाने आपोआप पाठवलेले होते.

अमरावतीच्या दवाखान्यात, डायलिसिसचा नंबर लागायची वाट पाहत ते बाकावर बसले होते, तेव्हा आमची शेवटची भेट झाली. हात सुजलेले होते. वार्ताहरांना विचारून पाहू, कुणाकडे फॅक्सची मूळ प्रत असेल, असे मी म्हणालो. त्यांनी सगळ्यांना विचारून झाले होते. मूळ कागद कुणी ठेवले नव्हते, कार्यालयात आलेले फॅक्स अक्षरे उडून कोरे पडले होते, दोघे वार्ताहर वारले होते. "कापलेलं एक डाव वापस आनलं भाऊ," ते म्हणाले, "आता कोठून आनू?" नंबर पुकारल्यावर उठताना त्यांनी सांगितले, की आठवेल तेवढे पुन्हा टाइप करायला घेतले आहे.

रुबिनाच्या सांगण्यानुसार, डायलिसिस नसेल त्या दिवशी ते वीज असेपर्यंत बसत. टाइप केलेले स्वतःलाच खरे वाटले नाही की पुसत. घरच्यांनी आराम करा म्हटले, की मान हलवत आणि बसून राहत. मंगलाला तिच्या बापाची नोंद जवळजवळ पाठ होती. ती बूथवरून एकेक वाक्य सांगे आणि ते इकडे टाइप करत. बूथवर मागे माणसे उभी असत, त्यामुळे एका वेळी थोडेच होई. ती नोंद ते गेले त्याच्या आदल्या बाजारापर्यंत चालू होती.

दफनानंतरच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर फोन आला. रुबिनाने उचलला आणि अब्बा वारल्याचे सांगितले. पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर मंगलाचा फोन आलेला नाही. रुबिनाने त्या नंबरवर लावून पाहिला. बूथवाल्याने सांगितले, की इथून पुष्कळ पोरी फोन करतात.

मी गेल्या आठवड्यात अचलपूरला गेलो, तेव्हा रुबिनाने संगणक लावून दाखवला. मंगलाच्या बापाची नोंद मसुद्यात आहे, प्रसिद्ध केलेली नाही. तिची शेवटची ओळ 'त्याच्या पश्चात' या शब्दांवर थांबते.