कडकबाई आणि किनाऱ्याची वाट

सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात चौतीस वर्षं चादरी धुतलेल्या बाईला सगळे कडकबाई म्हणत. चादरींना ती खळ कडक द्यायची आणि माणसांना उत्तर त्याहून कडक. साठी पुरी करून निवृत्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, तोच जंगलाच्या तोंडाशी पाटी लागली : ‘मार्ग अवघड. प्रवेश बंद.’

त्या वाटेनं गेलं की जंगलापलीकडे दोन कातळांच्या मधे एक इवलासा किनारा लागतो. चाळीस माणसं बसली की भरला. धुलाईघरातल्यांची, हमालांची, झाडूवाल्यांची सुट्टी तिथं जायची, कारण तिथं तिकीट नव्हतं. मग शेजारच्या टेकडीमागे हॉटेल झालं, त्यांचे पाहुणे त्याच किनाऱ्यावर बोटीनं यायला लागले, आणि वाट एकाएकी अवघड झाली! इतकी वर्षं बायका कडेवर पोरं घेऊन जात होत्या, तेव्हा कुणाला काळजी नव्हती.

कडकबाई थेट वनखात्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. साहेबांनी नियम वाचून दाखवला. साठीपुढचं माणूस, कुणाच्या हाताचा आधार न घेता, सव्वा तासात पोचलं तर मार्ग ‘मध्यम’ ठरतो, आणि मध्यम मार्ग बंद करता येत नाही. चाचणी मात्र एकदाच.

“मग ठेवा चाचणी,” बाई म्हणाली. “माणूस मी आणते.”

वस्तीत बैठक बसली. रोज पहाटे पळणारे एक म्हातारे व्यायामशिक्षक होते, सगळ्यांनी त्यांचं नाव घेतलं. बाई उसळली. “मास्तर पोचले तर हॉटेलवाला म्हणेल, ते पोचणारच. माझ्यासारखी सुजल्या गुडघ्याची पोचली, तर त्याच्याकडे बोलायला उरतं काय?”

“आणि नाही पोचलात तर, आई?” सुनेनं विचारलं. “वाट कायमची जाईल, आणि खापर तुमच्या डोक्यावर फुटेल.”

“फुटू दे. डोकं माझं आहे.”

“गुडघाही तुमचाच आहे, पण शेकावा मला लागतो.”

सगळे हसले, बाईसुद्धा. पण नाव तिचंच लागलं.

चाचणीला चौघे निघाले : बाई, हातात घड्याळ धरलेले साहेब, हॉटेलचा मॅनेजर आणि साक्षीदार म्हणून सून. मॅनेजरचे बूट इतके नवे, की पावलागणिक करकर वाजत होते.

पहिल्या चढालाच पंचवीस मिनिटं गेली. बाई झाडाचं खोड धरून उभी राहिली.

“बसा मावशी,” मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. “घाई काय आहे?”

“बसवा तुमच्या पाहुण्यांना. मी चालायला आलेय.”

दुसऱ्या चढावर गुडघ्यानं आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. बाई ओठ दाबून चालत होती, पण पाय जड पडत होता. सून मागून बोलली, “आई, चादरींची गाडी याच चालीनं ढकलली असतीत ना, तर अख्खा दवाखाना उघड्या गादीवर झोपला असता.”

“थोबाड बंद ठेव!” बाई भडकली, आणि तरातरा निघाली. रागात सासू दुप्पट वेगानं चालते, हे सुनेला अकरा वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं.

ओढ्यापाशी पोचले तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. पाण्यात सात दगड, सगळे शेवाळानं हिरवेगार. मॅनेजरचा चेहरा उजळला. “साहेब, एवढं लिहून घ्या. इथून आधाराशिवाय कुणी जाऊच शकत नाही.”

बाईनं चपला काढून काखेत मारल्या. धुलाईघराची फरशी साबणानं चौतीस वर्षं अशीच निसरडी होती, आणि तिच्यावरून ती ओल्या चादरींची गाठोडी डोक्यावर घेऊन फिरली होती. टाच उचलायची नाही. पाऊल सपाट टेकवायचं, बोटांनी जमीन धरायची, आणि तोल जायच्या आत गुडघा वाकवायचा. नेमका तोच वाकत नव्हता. तिनं वाकवला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पाऊल घसरलं नाही. सातवा दगड ओलांडून ती पलीकडे मातीवर उभी राहिली.

मागे धप्पकन आवाज झाला. मॅनेजर बुटांसकट कमरेपर्यंत ओढ्यात बसला होता.

“साहेब, यांना चाचणीत धरू नका,” सून म्हणाली. “यांची अजून साठी व्हायचीय.”

शेवटचा उतार बाई कातळाला पाठ घासत उतरली. वाळूवर पाय टेकला तेव्हा एकाहत्तर मिनिटं झाली होती.

साहेबांनी कागद मांडीवर धरून लिहिलं. “मोठ्यानं वाचा,” बाई म्हणाली.

“मार्ग बहुधा मध्यम.”

“बहुधा? मग मी बहुधा पोचले? बहुधा इथं उभी आहे?”

“अहो, तशी लिहायची पद्धत आहे.”

“पद्धत ऑफिसात ठेवा. आत्ता खोडा.”

साहेबांनी निथळणाऱ्या मॅनेजरकडे पाहिलं, मग बाईकडे. ‘बहुधा’ खोडलं, खोडल्याजागी सही केली, खाली पुन्हा सही, वेळ, तारीख.

बाईनं कागद अक्षर न् अक्षर वाचला आणि सुनेच्या हातात कोंबला. “भिजवलास तर बघ!” मग ती कपड्यांसकट सरळ लाटांत शिरली आणि अशी काही आरोळी ठोकली, की जंगलातले पक्षी उडाले.

सुनेनं हात उंच करून कागद डोक्यावर धरला आणि तीही मागोमाग पाण्यात शिरली.