सीनेटरला दिलेले तीन महिने

"म्हणजे सोमवारी ट्रेलर जोडतो," अर्ल म्हणाला. मी अजून मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला नव्हता.

"कुठे न्यायला?"

"सेल बार्नला. आणखी कुठे?"

सेल बार्न म्हणजे जनावरांचा आठवडी लिलाव. गाई गाभण करू न शकणारा वळू तिथून सरळ कत्तलखान्यात जातो. अर्लची बायको लोरेटा शेजारीच उभी होती. तिच्या हातात बादली होती, ती तिने खाली ठेवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी नागपूरला व्हेटरनरी शिकले, अमेरिकेत येऊन इथल्या परीक्षा दिल्या आणि टेक्सासमध्ये गाईगुरांच्या एका प्रॅक्टिसमध्ये लागले. नवरा ऑइल कंपनीत इंजिनिअर. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत कोणी विचारलं की मी सांगायची, "वळूंची फर्टिलिटी तपासते." मग काकू लोक विषय बदलायच्या आणि काका लोक दहा मिनिटांनी एकेकटे येऊन प्रश्न विचारायचे.

सीनेटर हा अर्लचा वळू. तीन वर्षांचा, करडा, भरदार वशिंडाचा, ब्राह्मन जातीचा. या जातीचे पूर्वज आपल्याकडून गेलेले, म्हणून टेक्सासचं ऊन सोसतात. त्याची आई तो जन्मला त्याच दिवशी मेली. लोरेटाने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आदल्या हिवाळ्यात त्याने अर्लच्या सगळ्या गाई गाभण केल्या. उन्हाळ्यात मात्र त्याच्याकडे सोडलेल्या बारा कालवडींपैकी दोनच गाभण राहिल्या. म्हणून ऑगस्टच्या शेवटी मला बोलावलं होतं.

तो च्यूटमध्ये उभा होता. च्यूट म्हणजे आपल्याकडचा जनावरांचा खोडा, फक्त लोखंडी. मी आतल्या ग्रंथी हाताने तपासल्या, वृषणांचा घेर टेपने मोजला, वीर्याचा नमुना घेतला आणि पिकअपच्या मागच्या फळीवर मायक्रोस्कोप मांडून पाहिला. शुक्राणू भरपूर होते, पण हलणारे थोडे. निम्म्याहून जास्त बिघडलेले. कोणाची शेपटी गुंडाळलेली, कोणाचं डोकं वेगळं पडलेलं.

"याला मधे ताप आला होता? पायाला काही लागलं होतं?"

"कधी शिंकलासुद्धा नाही," लोरेटा म्हणाली.

मी परत च्यूटमागे गेले. मोजताना हाताला काहीतरी खटकलं होतं. वृषणं ज्या पिशवीत लोंबतात, तिची वरची मान बारीक असायला हवी. चिमटीत धरली की आतल्या दोन दोऱ्या लागतात. सीनेटरची मान मऊ आणि जाड होती, मळलेल्या कणकेसारखी. चरबी.

"लोरेटा, याला खायला काय घालता?"

"विशेष काही नाही. मका. पेंड. थोडी मळी."

"थोडी?" अर्ल म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं जेवतो तो."

"तू कधी निळी रिबन आणली नाहीस."

तिथे घोळ होता. काउंटीच्या जत्रेत जनावरांचं प्रदर्शन असतं. त्यात परीक्षकाला गुबगुबीत, पाठीवर पाणी ठरेल असा वळू आवडतो. सीनेटरने वसंतात पहिला नंबर काढून निळी रिबन मिळवली होती. पुढच्या वर्षीही काढायचा म्हणून लोरेटाने खुराक चालूच ठेवला. शिवाय उन्हाने कातडीची चमक जाऊ नये म्हणून त्याला दिवसभर पत्र्याच्या गोठ्यात बांधायची. गोठ्यात वारा नाही, चालणं नाही.

मी त्यांना समजावलं. वृषणं शरीराबाहेर लोंबतात, कारण शुक्राणू घडायला शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड जागा लागते. त्या मानेत खाली येणाऱ्या गरम रक्ताची नळी वळणं घेत उतरते. थंड होऊन वर जाणाऱ्या रक्ताच्या बारीक शिरा तिच्याभोवती जाळीसारख्या गुंडाळलेल्या असतात. येणारं रक्त जाणाऱ्या रक्ताला उष्णता देऊन टाकतं. उकाड्यात पिशवी सैल पडते, थंडीत आक्रसून वर जाते.

"अर्ल, तुमच्या ट्रकचा रेडिएटर आहे हा. आणि त्यावर गोधडी घातलीय."

अर्लला ते लगेच कळलं. लोरेटालाही कळलं. तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मीच केलं."

"मक्याने केलं," मी म्हटलं. "आणि ते भरून येण्यासारखं आहे. खुराक बंद, नुसतं गवत. मोकळं कुरण, झाडाची सावली. तीन महिने."

"तीन महिने!" अर्ल म्हणाला. "का?"

"चरबी उतरायला तीन आठवडे. नवा शुक्राणू पूर्ण घडायला दोन महिने. मग वृषणाला चिकटलेल्या लांब नळीत तो आठ-दहा दिवस मुरतो, तिथे पोहण्याजोगा होतो. आज मी जे पाहिलं ती जून महिन्याची बातमी आहे."

अर्लने टोपी काढून परत घातली. "नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी माझ्या गाईंत वळू जातो. दर वर्षी. त्या दिवशी हा चालला नाही तर शेजाऱ्याचा आणीन आणि याला ट्रेलरमध्ये चढवीन."

"चालेल."

क्लिनिकमध्ये माझे बॉस, डॉ. टॅलबर्ट, यांनी फॉर्म पाहिला. त्यावर तीन चौकटी असतात. पास, नापास आणि डिफर्ड, म्हणजे निकाल पुढे ढकलला. मी तिसरीत खूण केली होती.

"नीला, ही चौकट ज्यांना काही ठरवता येत नाही अशा डॉक्टरांसाठी असते."

"मी ठरवलंय. तीन महिने ठरवलेत."

"आणि नंतर हेच दिसलं तर?"

"तर मी अर्लला तसं सांगेन. तुम्हाला जावं लागणार नाही."

"ते बरं झालं," ते म्हणाले. "अर्लकडे बंदूक आहे."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सहाच आठवड्यांत, अर्ल न कळवता वळू घेऊन क्लिनिकवर आला. त्याला धीर नव्हता. मी म्हटलं, आता बघून उपयोग नाही. पण त्याने आणलाच होता म्हणून पाहिलं. जवळजवळ तसंच. टॅलबर्टनी दारातून डोकं घालून फक्त "हं" केलं. अर्ल म्हणाला, "डॉक, लोरेटा त्याला गवत टाकते आणि रडते. काय ते स्पष्ट सांगा."

"स्पष्टच सांगतेय. ही बॅच ऑगस्टच्या उकाड्यातली आहे. अजून सात आठवडे."

पण त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी महिने पुन्हा एकदा बोटांवर मोजले.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. पहाटे उत्तरेचं वारं सुटलं होतं आणि टेक्साससारख्या ठिकाणी हात बधिर होत होते. सीनेटर सडपातळ दिसत होता. मानेत दोन दोऱ्या हाताला स्वच्छ लागल्या. नमुना घेतला, ट्यूब कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवली, एक थेंब काचेवर टाकला आणि पाहिलं.

काहीच हलत नव्हतं.

फोकस फिरवला. काही जागच्या जागी थरथरत होते, बाकी निश्चल.

"मेलेत का?" लोरेटाने विचारलं. अर्ल ट्रेलरकडे बघत होता.

मी काच काढून घेतली, आणि बोटांना ती बर्फासारखी लागली. काचांचा डबा मी पिकअपच्या उघड्या फळीवर त्या वाऱ्यात ठेवला होता. शुक्राणूला उष्णता सोसत नाही हे तीन महिने सगळ्यांना सांगत होते. थंड काचेवर पडला तर तो क्षणात गारठतो, हे मात्र मीच विसरले. उन्हाळाभर टेक्सासच्या उन्हाने माझ्या काचा आपोआप गरम ठेवल्या होत्या. हीटिंग पॅड क्लिनिकच्या कपाटातच राहिलं होतं.

"थांबा. चूक माझी आहे."

दोन काचा स्वेटरच्या आत काखेत धरल्या. मायक्रोस्कोप ट्रकच्या केबिनमध्ये नेला, हीटर लावला. तिघं आत दाटीने पाच मिनिटं बसलो. मग थर्मासमधल्या ट्यूबमधून दुसरा थेंब घेतला.

चांगला नमुना कमी पॉवरवर पाहिला की एकेकटा शुक्राणू दिसत नाही. नुसते लोट दिसतात, रटरटणाऱ्या भातासारखे. तसं दिसलं. मी लोरेटाला डोळा लावायला सांगितलं.

"हे सगळे त्याचे?"

"माझे तर नव्हेत," अर्ल म्हणाला.

मग रंग देऊन शंभर मोजले. बिघडलेले थोडेच होते. मी पहिल्या चौकटीत खूण केली. सोमवारी ट्रेलर रिकामाच उभा राहिला. फेब्रुवारीत अर्लच्या गाई तपासल्या, दोन सोडून सगळ्या गाभण होत्या.

टॅलबर्टना मी काचेची गोष्टही सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे एक थेंब पाहून थांबली असतीस तर वळू गेला असता." ते खरं होतं. उष्णतेने केलेलं नुकसान दोन महिन्यांनी दिसतं, थंडीचं दोन सेकंदांत, आणि दोन्हींचं चित्र सारखंच खराब असतं. तेव्हापासून वळूवर शिक्का मारण्याआधी मी काच स्वतःच्या गालाला लावून बघते.

लोरेटाने ख्रिसमसला केक पाठवला, भरपूर मळी घातलेला. फोन करून मी आधी विचारून घेतलं की यातला तुकडा गोठ्यात गेला नाही ना. मग आम्ही खाल्ला.